शकुनबाईची ओटी

दिगंबर पाळंदे जळायचा. त्यात त्यानं कधी लपवाछपवी केली नाही. कुणाला पान लागतं, कुणाला तपकीर लागते, तसा दिगंबरला रोजचा थोडासा मत्सर लागायचा. तो मिळाला नाही तर दिवस फुकट गेल्यासारखा वाटायचा. कलकत्त्यात भवानीपूरहून खिदिरपूरला जाणाऱ्या ट्रॅममध्ये दुसऱ्या कुणाला खिडकी मिळाली, की तो माणूस त्याच्या मनातून उतरलाच. गार्डनरीचच्या रेल्वे कचेरीत शेजारच्या बाबूच्या डोक्यावरचा पंखा आपल्या पंख्यापेक्षा जोरात फिरतो, हे दुःख त्यानं कित्येक उन्हाळे उराशी धरलं, आणि शेवटी साहेबाच्या हातापाया पडून टेबलांची अदलाबदल करून घेतली. मग झालं काय, की नव्या जागी त्याचे कागद भराभरा उडायला लागले. एका हातानं कागद दाबून धरत, दुसऱ्या हातानं लिहीत, तो जुन्या टेबलाशी निवांत बसलेल्या बाबूकडे बघायचा आणि नव्यानं जळायचा.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. संगमेश्वराकडचा, सडपातळ, कुणाच्याही अडल्या कामाला धावणारा. मदत करता करता जळायचा, एवढंच. आणि ही सगळी किरकोळ जळजळ झाली. त्याची खरी, रात्रंदिवस धुमसणारी चूल होती अमरावतीला.

अमरावती म्हणजे त्याची सासुरवाडी. बायको सुचित्रा पहिल्या खेपेला बाळंतपणाला माहेरी गेली, रीतच ती. दिगंबरनंच रेल्वेचा पास काढून दिला, हावड्याला मुंबई मेलमध्ये बसवून दिलं, रुमाल हलवला. पुढं तार आली, मुलगी झाली. कचेरीतल्यांनी पेढे मागितले, म्हणून त्यानं तिथली मिठाई, संदेश, वाटली. आणि मुलगी कशी दिसते असं कुणी विचारलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्याला काही माहीत नाही. रजा मिळून तो अमरावतीला पोचला तोवर पोर चांगली बाळसेदार झालेली. नावही ठेवून झालेलं, हेमा. अंगणात सासरे, श्यामराव, तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होते. निवृत्त शाळा-तपासनीस, पांढऱ्या मिशा, आवाज असा की शेजारच्या वाडीतली पोरं आपोआप रांगेत उभी राहायची. जावयाला बघून ते म्हणाले, "या दिगंबरराव! बसा. चहा घ्या."

दिगंबरनं हात पुढे केले. हेमानं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि जो टाहो फोडला म्हणता! सासूबाई आतून धावत आल्या. "नवा माणूस दिसला की रडते हो ती," त्या समजुतीनं म्हणाल्या.

नवा माणूस! हे दोन शब्द दिगंबरनं कलकत्त्याला परत आणले आणि आयुष्यभर जपून ठेवले. घरात भिंतीवर फोटो होता, त्यात तान्ही हेमा श्यामरावांच्या मांडीवर. पोर बोलायला लागली तेव्हा पहिला शब्द 'आबा', म्हणजे तेच, मिशावाले. आता ती पाच वर्षांची झाली होती, बंगाली पोरांत खेळून मराठीत बंगाली कालवायची, तरी ठेच लागली की 'आबा' म्हणूनच रडायची. दिगंबर शेजारी उभा असायचा, हातात आयोडिनची बाटली.

त्रेपन्न सालच्या आगेमागे सुचित्राला पुन्हा दिवस गेले, तेव्हा दिगंबरनं मनाशी ठरवलं, ह्या खेपेला नाही. हे मूल मी पहिलं बघणार. पण ठरवणं वेगळं आणि बायकोला तोंडानं सांगणं वेगळं. पुरुषानं असलं काही बोलायची पद्धतच नव्हती. तो गप्प राहिला आणि जळत राहिला.

आता ह्या गोष्टीत समुद्र येतो.

खालच्या मजल्यावर गुरुदत्त नावाचा ब्रह्मचारी राहायचा. मराठीच, पण जन्म कलकत्त्याचा. हुगळीच्या मुखाशी भर पाण्यात एक बोट उभी असायची. बाहेरून आलेल्या जहाजांना नदीतून वर बंदरात आणणारे वाटाडे त्या बोटीवरून जहाजांवर चढायचे. गुरुदत्त त्या बोटीवर वायरलेसवर होता. काही आठवडे पाण्यावर, काही आठवडे घरी. दुर्गापूजा उरकल्यावर तो असाच एकदा परतला तो बॅटरीची एक जुनी, मोठी काचेची पेटी छातीशी धरून. पेटीत समुद्राचं पाणी, पाण्यात बांबूच्या काड्या उभ्या केलेल्या, आणि काड्यांना शेपट्यांचा विळखा घालून ताठ उभे दोन समुद्रघोडे. कोळ्यांच्या जाळ्यात आले होते म्हणे.

"वहिनी, ठेवा ना तुमच्याकडे. माझ्या खोलीत ऊन नाही, आणि मी कधी घरात नसतो," तो म्हणाला. "पाणी मी आणत जाईन डब्यांतून."

सुचित्रानं वाकून पाहिलं. तोंड घोड्याचं, शेपूट माकडाचं, अंगावर खारकेसारख्या कडा, आणि चाल अशी की नऊवारी नेसून लग्नघरात मिरवणारी विहीणच. ती हसायला लागली. त्या दिवसांत तिला फोडणीचा वास चालत नव्हता, दिगंबरच्या छत्रीचा वास चालत नव्हता, कधीकधी दिगंबरही चालत नव्हता. त्या पेटीपाशी मात्र तिचं मन रमायचं.

झालं! दिगंबरच्या जळण्याला घरातच लाकूडफाटा मिळाला.

ह्या प्राण्यांचे चोचले तरी किती! मेलेलं खायचे नाहीत. जिवंत, वळवळता जवळा हवा. त्या वेळी शहराच्या पूर्वेला खाऱ्या पाण्याची तळीच तळी होती. आता तिथं सॉल्ट लेकची वसाहत झाली आहे. तिथून एक मासेवाली हंडीतून बारीक जवळा आणून द्यायची. ज्या घरात चातुर्मासात कांद्यालासुद्धा सुट्टी असायची, त्या घरात सुचित्रा पदर खोचून चहाच्या गाळणीनं जवळा उपसायला लागली.

"अगं, माझा चहा?"

"थांबा जरा. शकुनबाई जेवताहेत."

"कोण शकुनबाई?"

"ही काय. जरा जाडसर आहे ती." दोघांतल्या एकीचं बारसं तिनं करून टाकलं होतं. दुसऱ्याला नाव नव्हतं. तो नुसता घोडा. "अहो, रोज सकाळी काय करतात माहीत आहे? समोरासमोर येतात, शेपटीत शेपटी अडकवतात, रंग उजळतो दोघांचा, आणि काडीभोवती गोल गोल फिरतात. रोज! नवराबायकोनं रोज सकाळी एकमेकांची अशी विचारपूस केली तर काय बिघडतं?"

"त्यांना ट्रॅम पकडायची नसते," दिगंबर म्हणाला आणि गाळणी नसल्यामुळे चहापत्तीसकट चहा प्याला.

पुढं फाल्गुनात एकदा ती दोघं अशीच फिरता फिरता पोटाला पोट लावून वर वर चढली, आणि एकीकडून दुसरीकडे काहीतरी गेलं, हे सुचित्रानं डोळ्यांनी पाहिलं. मग शकुनबाईंचं पोट रोज वाढायला लागलं. टपोरं, गुळगुळीत, खालून गोल. दिगंबर कचेरीतून आला की पहिली बातमी तीच. "आज जास्त दिसतंय, नाही? बिचारीला वाकताना त्रास होतो हो." स्वतःचं पोट सांभाळत ती खुर्ची ओढून पेटीसमोर बसायची आणि दोघींच्या गप्पा चालायच्या. म्हणजे बोलायची एकटी सुचित्राच, पण शकुनबाई डोळे फिरवून ऐकायच्या.

अमरावतीहून श्यामरावांचं कार्ड आलं, सातवा उलटायच्या आत न्यायला येतो. आठव्यात प्रवास नको. दिगंबरनं ते वाचलं, पाससाठी अर्ज केला, आणि गच्चीवर जाऊन उगाचच वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे सरळ केले.

तेवढ्यात तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना हुरूप आला. पहिलं डोहाळजेवण अमरावतीला झालं, आमचं जेवण राहिलं, ह्या वेळी जायच्या आधी इथंच करायचं. पुढाकार श्यामलाबाईंचा. ह्या बाईंनी कलकत्त्यातल्या दोन पिढ्यांच्या ओट्या भरल्या होत्या आणि त्यांच्या शब्दापुढं भल्याभल्यांच्या सासवा बोलत नसत. हिरवी साडी, फुलांची वाडी, चौरंग, पाच तऱ्हेचे भात, सगळं ठरलं. सुचित्रा म्हणाली, "माझ्याबरोबर शकुनबाईंचंही करायचं. तिला तरी इथं माहेरचं कोण आहे?" श्यामलाबाईंनी चष्मा लावून पेटीत पाहिलं, पोटावरचा तकाकीचा भाग निरखला, आणि निकाल दिला, "दिवस भरत आलेत. करू या."

पुरुषांना अर्थातच बाहेर हाकललं. दिगंबर आणि रजेवर आलेला गुरुदत्त जिन्याच्या पायरीवर बसले. आतून हसणं, बांगड्या, उखाणे, आणि तळलेल्या कुरड्यांचा वास. दिगंबर दाराच्या फटीला कान लावून होता.

"काय चाललंय, दादा?" गुरुदत्तनं विचारलं.

"त्या माशाला हळदकुंकू लावताहेत."

"माशाला?"

"पेटीला रे! काचेला. हिरवी बांगडी घातली एका काडीवर. आता खण, नारळ, तांदूळ. माझ्या जन्मात माझं कुणी एवढं कौतुक केलं नाही, गुरू. मुंजीतसुद्धा नाही. मुंजीत माझ्या आतेभावाची मुंज बरोबर होती, सगळे त्याच्याकडेच बघत होते."

आत दोन झाकलेल्या वाट्या आल्या. एकीखाली बर्फी, एकीखाली पेढा. सुचित्रानं उघडली ती बर्फी निघाली. "मुलगी!" असा एकच गलका झाला. मग हेमानं शकुनबाईंच्या वतीनं दोन्ही वाट्या उघडल्या आणि दोन्ही खाल्ल्या.

आणि नेमक्या त्याच वेळी वरच्या मजल्यावरच्या लीनादी आल्या. बंगाली बाई, मुलींच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. हसायला लागल्या तर थांबवणं कठीण. त्यांनी चौरंगावरची सुचित्रा पाहिली, शेजारी हळदीकुंकवात न्हालेली पेटी पाहिली, पेटीत पाहिलं, आणि तोंडाला पदर लावून खालीच बसल्या.

"ओ मा! बउदी, अहो वहिनी, हे काय केलंत? हा नवरा आहे!"

"कोण नवरा?"

"हा! पोटवाला! तुम्ही नवऱ्याची ओटी भरलीत!"

आत सगळ्या एकदम बोलायला लागल्या. त्या गोंगाटात लीनादींचा आवाज तुकड्यातुकड्यानं बाहेर येत होता. बाई नुसती अंडी घालते, तीही त्याच्या पोटाच्या पिशवीत. तुम्ही पाहिलंत ना वर चढताना, तेच ते. देऊन मोकळी होते. पुढं सगळं ह्याचं. पिशवीचं तोंड मिटतं. आतल्या मऊ अस्तरात अंडी रुतून बसतात. ह्याच्या रक्तातून त्यांना हवा, ह्याच्याकडूनच पोषण. आणि आतलं पाणी आधी वेगळं असतं, मग दिवस भरत येतील तसं हळूहळू समुद्राइतकं खारट होतं, म्हणजे पिल्लं बाहेर पडली की त्यांना बाधू नये. आणि कळा, हो, कळासुद्धा ह्यालाच.

"कळासुद्धा?" चार-पाच बायका एका सुरात म्हणाल्या. त्या सुरात असं काही समाधान होतं की बाहेर गुरुदत्तनं पाय पोटाशी घेतले.

श्यामलाबाईंचा आवाज आला. "इतक्या ओट्या भरल्या, पण माझा हात असा कधी फसला नव्हता. असो. भरलेली ओटी परत घेता येत नाही. भरली ती भरली. हळद लावा त्याला अजून जरा!"

गुरुदत्त पायरीवर पोट धरून हसत होता. दिगंबर हसला नाही. तो उठला, बायकांच्या घोळक्यातून कुणाची पर्वा न करता आत गेला आणि पेटीसमोर उभा राहिला. आतला तो प्राणी काडीला शेपूट गुंडाळून, टपोरं पोट पुढं काढून, एक डोळा इकडे एक डोळा तिकडे करत निवांत डुलत होता. पायाशी खण-नारळ. आजवर दिगंबर खिडकीवर जळला होता, पंख्यावर जळला होता. पण हे काही निराळंच होतं. ह्या चिमूटभर माशाला कुणी पास काढून अमरावतीला पाठवत नव्हतं. ह्याची पोरं ह्याच्यापासून कुणी नेऊ शकत नव्हतं. ह्याला कुणी 'नवा माणूस' म्हणणार नव्हतं.

त्या दिवसापासून घरात शकुनबाईंचे शकुनराव झाले, आणि दिगंबरची झोप उडाली. जवळा आणायला आता तोच जायला लागला. कुणाला वाटलं प्रेम जडलं. छे! शत्रूवर बारीक लक्ष ठेवावं, तसं चाललं होतं. एकदा जिन्यात लीनादी भेटल्या तेव्हा त्यानं धीर करून विचारलं, "आणि नंतर? पिल्लं झाल्यावर काय करतो हा?"

"काही नाही. ओळखसुद्धा दाखवत नाही. त्याचं सांभाळणं पोटात असेपर्यंतच. नंतर पिल्लं त्यांची ती."

दिगंबरला क्षणभर फार बरं वाटलं. बघा, म्हणजे काही एवढा मोठा नाही! पण वर जाऊन बसल्यावर त्याला सुचलं, ह्याला निदान पोटात असेपर्यंत तरी सांभाळायला मिळतं, आणि तो पुन्हा जळायला लागला.

श्यामराव आले. हातात वळकटी, काखेत संत्र्यांची करंडी. जिन्यातूनच हाक, "हेमुऽऽ!" आणि हेमा जी उडी मारून गळ्यात पडली ती दिवसभर खाली उतरली नाही. दिगंबरनं करंडी उचलली. श्यामराव दिवाणखान्यात बसले, सवयीनं म्हणाले, "बसा, दिगंबरराव." स्वतःच्या घरात दिगंबर बसला. दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती. ट्रंक भरून दाराशी आली होती.

त्या दुसऱ्या दिवशी सकाळी, रस्ते धुणाऱ्या भिश्त्यांच्या नळाचा फरफराट खाली सुरू होता तेव्हा, दिगंबर पेटीपाशी गेला आणि तिथंच खिळला. शकुनरावांनी रंग टाकला होता. शेपूट काडीला करकचून आवळलेलं. अंग कमरेत मोडल्यासारखं वाकायचं, पुन्हा ताठ व्हायचं, पुन्हा वाकायचं. पोट आत जाऊन बाहेर यायचं.

"काय झालं हो त्याला?" मागून श्यामराव. हेमाला काखेत घेऊन तेही वाकले.

"कळा आहेत," दिगंबर म्हणाला.

"कळा? पण सुचित्रा म्हणाली हा तर..."

"हो. नर आहे."

पुन्हा एक वळसा, पुन्हा एक झटका, आणि पिशवीचं तोंड उघडून एक धुरळा उडाल्यासारखा बाहेर पडला. धुरळा कसला, घोडे! जिऱ्याएवढे, पण प्रत्येकाला तोंड, प्रत्येकाला वळलेलं शेपूट. तो दमून थांबायचा, की पुन्हा वाकायचा, की पुन्हा लोट. काही पिल्लं वर तरंगली, काहींनी एकमेकांच्याच शेपट्या धरल्या. हेमा श्वास रोखून म्हणाली, "आबा, इतकी?"

"अरे बाप्पा!" एवढंच श्यामराव म्हणू शकले. ह्या माणसानं अर्ध्या वऱ्हाडातल्या शाळा तपासल्या होत्या, पण हे त्यांच्या कुठल्याच इयत्तेत नव्हतं.

शकुनरावांचं पोट रिकाम्या बटव्यासारखं लोंबायला लागलं. ते काडीला टेकून उभे राहिले. पिल्लं नाकासमोरून गेली तरी त्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

"बघा," श्यामराव म्हणाले, "जन्म दिला आणि झाला मोकळा. मांडीवर घेणं नाही, काही नाही."

आणि इतक्या वर्षांची चूल भडकली. दिगंबरनं आवाज चढवला नाही. त्याला तो कधी चढवता आलाच नव्हता. "आबा, ह्याला मांडी नाही, पण पोट तरी मिळालं. मला पोट नाही, ते देवानं दिलं नाही, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण मांडी आहे मला. ती गेल्या खेपेला रिकामी राहिली. आणि आज दुपारच्या गाडीनं पुन्हा रिकामी राहणार आहे. मी ह्या माशावर जळतो, आबा. आणि तुमच्यावर. त्या फोटोत तुम्ही बसला आहात ना, तेव्हापासून."

बोलून झाल्यावर तो स्वतःच घाबरला. सासऱ्याशी असं बोलायचं म्हणजे! श्यामरावांनी हेमाला खाली उतरवलं. मिशीवरून हात फिरवला.

"सुचित्रा कुठं झाली, माहीत आहे का तुम्हाला?" ते म्हणाले. "यवतमाळला, तिच्या आजोळी. मी तेव्हा बुलढाण्याकडे बैलगाडीतून शाळा तपासत फिरत होतो. पोचलो तर पोरगी रांगायला लागलेली. माझे सासरे तिला कडेवर घेऊन ओसरीत उभे. मी हात पुढं केले, तर हिनं त्यांच्या उपरण्यात तोंड खुपसलं. आणि ते मला म्हणाले, 'बसा. चहा घ्या.'"

दिगंबरनं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

"तो चहा मी अजून विसरलो नाही. आलं जास्त झालं होतं. तेव्हाच ठरवलं, माझ्या पोरीला मूल होईल ते पहिलं मी घेणार. मग कुणाला काही वाटो."

"म्हणजे... तुमच्या सासऱ्यांचं उट्टं तुम्ही माझ्यावर काढलंत?"

"त्यांच्यावर कसं काढणार? ते वारले होते."

हसावं की भांडावं, दोघांनाही कळेना. तेवढ्यात पडद्यामागून सुचित्रा आली. हातात कंगवा, केस मोकळे, डोळे भरलेले, पण आवाज तिखट.

"झालं का दोघांचं बोलून? आता जिचं पोट आहे तिला कुणी विचारणार आहे का?"

श्यामराव ट्रंकेकडे बघायला लागले, दिगंबर पेटीकडे.

"मला आई हवी. कळा येतील तेव्हा मला तिचाच हात हवा, हे खरं. पण अहो, हे एवढं मनात होतं तर एकदा बोलायचं नाही? मला वाटायचं, तुम्हाला सुटल्यासारखं होतं मी गेले की. हावड्याला रुमाल काय जोरात हलवता!" तिनं कंगवा ट्रंकेवर ठेवला. "मी जात नाही. आबा, आईला तार करा. तिनं इकडे यावं. जन्मात एकदा गंगासुद्धा बघून होईल तिची."

"ती येईल," श्यामराव म्हणाले. मग जरा घुटमळून, "पण मग मी?"

"तुम्ही परत जा ना. घर कोण बघणार?"

"घर शेजारी बघतील. मी थांबतो."

दिगंबरचा नुकताच उजळलेला चेहरा पुन्हा काळवंडला.

पिल्लांचं काय, तर गुरुदत्त त्याच दिवशी कामावर निघाला होता. "इथं ह्यांना काय खायला घालणार? डोळ्यांना दिसत नाही एवढं बारीक खाणं लागतं त्यांना, ते समुद्रातच," तो म्हणाला. पेटी झाकून, उराशी धरून, घोडा, घोडी आणि तो सगळा संसार घेऊन तो धक्क्याकडे गेला. नदीच्या मुखापाशी खाऱ्या पाण्यात सोडून आला. पेटीवरची हळद मात्र निघाली नाही, असं त्यानं नंतर सांगितलं. दिगंबर त्याला ट्रॅमपर्यंत पोचवायला गेला होता. ट्रॅम सुटताना त्यानं काचेवर एकदा बोट टेकवलं. आत शकुनराव आणि त्यांची बायको पुन्हा शेपटीत शेपटी अडकवून उभे होते. 'एवढ्यातच!' दिगंबर मनात म्हणाला, आणि जाता जाता शेवटचं जळून घेतलं.

सासूबाई आल्या. कालीघाट बघितला, गंगा बघितली, इथल्या नारळाला चव नाही म्हणाल्या. वैशाखात, अंगाची लाही होत असताना, सुचित्राला घराजवळच्या मातृसदनात नेलं. सासूबाई आत. बाहेरच्या बाकावर दिगंबर आणि श्यामराव शेजारी शेजारी. दोघांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. एकजण उठून दाराशी गेला की दुसरा लगेच उठायचा. दाराच्या जवळच्या टोकाला कोण बसणार, ह्यावरून दोनदा न बोलता जागा बदलून झाल्या. शेवटी श्यामरावांनी उपरणं पसरून ते टोक अडवलं. दिगंबर बाकाच्या लांबच्या टोकाला बसून त्या उपरण्याकडे बघत राहिला.

मग आतून रडणं आलं. बारीक, चिरकं, थेट काळजात घुसणारं. श्यामरावांनी टोपी काढून पुन्हा घातली.

दार उघडलं. पांढऱ्या साडीतली नर्स, हातात कापडाचं गाठोडं. "मुलगी," ती बंगालीत म्हणाली, आणि दोघांकडे पाहून विचारलं, "बाबा के?" बाप कोण?

दोघेही उभे राहिले. श्यामरावांचे हात तर सवयीनं पुढंही झाले. अगदी दारापाशीच होते ते.

पण दिगंबर पळत आला. ट्रॅम पकडायला तो जन्मात एवढा पळाला नव्हता. त्यानं गाठोडं घेतलं, छातीशी धरलं, आणि आत पाहिलं. सुरकुतलेलं, लालबुंद, मुठी वळलेलं, अजून कुणालाच न ओळखणारं तोंड. ते क्षणभर रडायचं थांबलं. इथं जुना माणूस कुणीच नव्हता. सगळेच नवे.

श्यामराव शेजारून डोकावत होते. "जरा... जरा इकडे आणता का, दिगंबरराव?"

दिगंबरनं मान वर केली. सासऱ्याच्या डोळ्यांत जे दिसलं ते त्याला चांगलं ओळखीचं होतं. आरशात रोज बघायचा तो.

"बसा, आबा," तो म्हणाला. "चहा घ्या."